श्रावणाचं नाव कुणी ठेवलं

आमच्या घरी श्रावण लागला हे मला पोळीवरून कळायचं. एरवी आईच्या पोळ्या गोल गरगरीत असत. श्रावणात त्यांना कोपरे फुटायचे, कारण लाटणं तांदळाच्या डब्यात तळाशी पुरलेलं असायचं आणि आई स्टीलच्या पेल्याने लाटायची. शाळेत डबा उघडला की मैत्रिणी विचारायच्या, आज काय, ऑस्ट्रेलिया का? मी म्हणायचे, हो, खायचीय तर खा.

आषाढातल्या अमावास्येला घरोघरी दिवे घासतात. आईही घासायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायची. ते झालं की ती घरातल्या मारता येण्यासारख्या वस्तू गोळा करायची. लाटणं तांदळात. खलबत्त्यातला बत्ता गव्हाच्या पिंपात. बाबांचा चामडी पट्टा गाद्यांच्या घडीत. इस्त्री वायरसकट खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे. लांब दांड्याची छत्रीसुद्धा जायची, ऐन पावसाळ्यात, त्यामुळे आम्ही दोघी बहिणी शाळेत भिजून पोचायचो. हे सगळं ती दिवे घासण्याइतक्याच शांतपणे करायची. दीप अमावास्येला सगळ्यांच्या घरी असंच करतात, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती.

बाबांचं मुलुंडच्या बाजारात मटणाचं दुकान होतं. देवनारहून पहाटे टेम्पो यायचा, सोललेले बकरे आकड्यांना लागायचे आणि बाबा सत्तूर घेऊन ठोकळ्यासमोर उभे राहायचे. मी सुट्टीच्या दिवशी गल्ल्यामागे स्टुलावर बसून बघितलेलं आहे. सत्तूर वर जायचा, पडायचा, हाड एका दणक्यात दोन व्हायचं, बारीक कपच्या समोरच्या फरशीवर उडायच्या. लोकांना वाटतं, दिवसभर हेच करणारा माणूस घरी आल्यावरही तसाच वागत असणार. आमच्याकडे उलटं होतं. दुकान चालू असलं की बाबा घरी मऊ असायचे. नळी राखून आणायचे, ताईला आणि मला एक एक द्यायचे, आम्ही ती ताटावर आपटून चोखायचो आणि ते हसायचे. शेजारच्या गाळ्यातले काकाही हाच धंदा करायचे आणि बायकोसमोर त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. तेव्हा धंद्याला बोल लावण्यात अर्थ नाही. बाबांचा हात रिकामा राहिला की बिघडायचा, एवढंच आम्हाला माहीत होतं.

आणि हात रिकामा कधी राहणार हे वार आणि महिने ठरवायचे. मंगळवार गणपतीचा, त्या दिवशी दुकान बंद. मंगळवारी एखादी थोबाडीत, एखादं ताट भिंतीवर, इतकंच. श्रावणाचं मात्र वेगळं होतं. गावच्या देवाला बाबांनी शब्द दिला होता की श्रावणभर सत्तूर हातात धरणार नाही. तो शब्द त्यांनी कधी मोडला नाही. ऐन धंद्यात महिनाभर शटर खाली ओढणारा माणूस म्हणून बाजारात त्यांना मान होता. त्या महिन्यात घरी काय चालतं ते बाजाराला दिसत नव्हतं.

एक नागपंचमी सांगते, म्हणजे बाकीच्यांची कल्पना येईल. नागपंचमीला आपल्याकडे काही चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा ठेवत नाहीत. जमीनही खणत नाहीत, नागाला लागेल म्हणून. आईने पुरणाची दिंडं उकडली होती. बाबांनी पहिला घास घेतला आणि ताट ढकललं. दिंडं कोमट होती, एवढंच कारण. ते उठले, आईचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं स्वयंपाकघराच्या चौकटीवर आपटलं. मग परत आपटलं. आई ओरडायची नाही, तिच्या तोंडून फक्त हवा जाते तसा आवाज यायचा. भुवईपासून गालापर्यंत रक्त उतरलं आणि पुरणाच्या पातेल्यात पडलं. मी जाऊन बाबांच्या पोटरीला चावले. चांगली कडकडून चावले, तोंडात खारट लागेपर्यंत. त्यांनी पाय झटकला तशी मी कपाटावर जाऊन आदळले आणि माझा पुढचा दात अर्धा तुटला. तो अजून तसाच आहे, मी बसवून घेतलेला नाही.

तेवढ्यात बेल वाजली आणि वाजतच राहिली. त्या खालच्या काकू होत्या. त्या टपाल खात्यात नोकरीला होत्या, त्यांच्या दारावर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्यांच्या घरात श्रावणाला कुणी विचारत नव्हतं. आमच्याकडे आवाज सुरू झाला की त्या जिना चढून यायच्या, बेलवर बोट ठेवायच्या आणि काढायच्याच नाहीत. दार उघडलं तरी बोट तिथेच. बाबा म्हणायचे, काय काम आहे? त्या म्हणायच्या, साखर संपलीय. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही पोलिसांना का नाही बोलवत? त्या म्हणाल्या, "बोलावले होते गं. तुझ्या आईनेच त्यांना चहा देऊन परत पाठवलं. आता मला एवढंच समजतं, बेल वाजते तोवर हात थांबतो."

मला त्या वयात बाबांपेक्षा महिन्याचा राग यायचा. आषाढात नळी देणारा माणूस श्रावणात डोकं फोडतो, म्हणजे खोट महिन्यातच असणार, असा माझा हिशेब होता. सगळ्यांना श्रावण आवडायचा. बाईंनी वर्गात श्रावणावर निबंध लिहायला दिला तेव्हा मी कोरा कागद दिला आणि हातावर पट्टी खाल्ली. मला हे नाव कुणी ठेवलं ते शोधून काढायचं होतं. त्याची कॉलर धरायची आणि विचारायचं, का रे बाबा, तुला दुसरं काही सुचलं नाही?

शाळेच्या वाचनालयात एक जाडजूड जुनं पुस्तक होतं, त्यात ते सापडलं. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्रापाशी असतो, त्या नक्षत्राचं नाव महिन्याला मिळतं. चित्रेपाशी असला तर चैत्र, विशाखेपाशी वैशाख, कृत्तिकांपाशी कार्तिक. श्रवण नावाचं एक नक्षत्र आहे, एका ओळीत तीन चांदण्या, मधली ठळक. तिथे चंद्र पूर्ण भरतो म्हणून हा श्रावण. बस, इतकंच. ना त्यात देव होता, ना राग. कोणीतरी मान वर करून बघितलं आणि दिसलं ते सांगितलं. मी श्रावणी पौर्णिमेला गच्चीवर जाऊन उभी राहिले, ती चांदणी एकदा बघून घ्यावी म्हणून. मुलुंडमध्ये त्या दिवशी चंद्र दिसेल तर शपथ. नुसते ढग. ज्याने नाव ठेवलं त्याच्या डोक्यावर आभाळ मोकळं होतं आणि भोगायला आम्ही इथे ढगांखाली, या विचाराने मला इतका संताप आला की मी पाण्याच्या टाकीला लाथा घातल्या. पायाचं नख काळं पडलं.

त्याच पुस्तकात वारांचंही होतं. दिवसातला एकेक तास एकेका ग्रहाच्या मालकीचा, ठरलेल्या क्रमाने, आणि सूर्य उगवताना ज्याचा तास असेल त्याचं नाव त्या दिवसाला. मंगळ तांबडा दिसतो, म्हणून तो रक्ताचा आणि लढाईचा. परदेशातही तो लढाईचाच देव, आणि मार्च महिनाही त्याच्याच नावाचा. मला गंमत वाटली. ज्या वाराचं नाव रक्ताच्या ग्रहावरून पडलं, नेमक्या त्याच वारी आमच्या दुकानात रक्त सांडत नव्हतं. मी हे ताईला सांगितलं. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, शांत, आईच्या वळणाची. ती म्हणाली, "अगं, सांडायचं तिथेच सांडतं. दुकान बंद ठेवून काय होतंय?"

ताईचं लग्न मार्गशीर्षात झालं. मुलगा बोरिवलीचा, अंधेरीला ऑफिसात. बाबांनी चौकशी केली ती एकाच मुद्द्यावर, मुलाचं वळण कसं आहे, आणि उत्तर आलं, निर्व्यसनी आहे, मांसाहार करत नाही, देवाधर्माचा आहे. बाबा खूश झाले. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्या मुलाने अंगठीने ताईचं नवं नाव लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईने वाकून वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. नाव तसं वाईट नव्हतं, पण ते तिचं नव्हतं.

तिचा फोन यायचा तो दुपारी, चोरून. एकदा ती म्हणाली, "मला इथे हाक मारतात ना, ती माझ्या लक्षातच येत नाही गं. ते दोन-दोनदा ओरडतात आणि मी भांडी घासत बसते. मग त्यांना वाटतं मी मुद्दाम करते." मी म्हटलं, मग? ती म्हणाली, मग काय, ठेव आता, कुणीतरी आलं.

लग्नानंतरच्या वर्षी दोन श्रावण आले. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाला पुरे पडत नाहीत, मागे राहिलेले दिवस साठत जातात आणि दर तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक जादा महिना घालावा लागतो. त्या महिन्यात सूर्य रास बदलत नाही, म्हणून त्याला स्वतःचं नाव मिळत नाही. पुढच्या महिन्याचं नाव उसनं घेऊन तो अधिक म्हणवतो. जुनी गोष्ट अशी की या महिन्याला कुणी दारात उभं करेना, सगळे त्याला मळका म्हणून हाकलत होते, तेव्हा तो रडत विष्णूकडे गेला आणि विष्णूने त्याला आपलंच एक नाव देऊन टाकलं. म्हणून या महिन्यात जावयाला विष्णू समजून जेवायला बोलावतात. पुरणाचे धोंडे करतात, तेहतीस अनारसे देतात, तांब्याचा दिवा देतात.

आता पाळायचा कुठला, पहिला की दुसरा, यावर बाजारात रोज वाद. एक मालवणी आजोबा दुकानासमोर उभे राहून ठणकावून सांगायचे, "ह्यो काय खरो श्रावण न्हय रे. खरो फुडचो. तू आपला दोन किलो तोड." बाबांना ते पटलं. त्यांनी जाहीर केलं की देवाला शब्द खऱ्या श्रावणाचा दिलाय, जादा महिन्याचा नाही. दुकान चालू राहिलं. आईने ऐकलं आणि तिचे खांदे खाली आले. त्या अमावास्येला तिने दिवे घासले आणि वस्तू मात्र जागच्या जागी राहू दिल्या. लपवायच्या त्या पुढच्या अमावास्येला, असं तिने ठरवलं. अख्खा महिना आम्ही गोल पोळ्या खाल्ल्या, आणि मी इतकी निर्धास्त झाले की शाळेत छत्री विसरून आले.

धोंड्याचं जेवण रविवारी ठेवलं. आईने सकाळपासून पुरण वाटलं, बत्त्याने वेलदोडे कुटले आणि बत्ता ओट्याच्या कडेला ठेवला. ताई आणि भावोजी आले. ताईने लांब बाह्यांचा ब्लाउज घातला होता, त्या उकाड्यात. मी तिला स्वयंपाकघरात धरलं आणि बाही वर सरकवली. दंडावर बोटांचे वळ उठले होते, काही जांभळे, काही पिवळे पडत आलेले, म्हणजे वेगवेगळ्या दिवसांचे. आईने ते बघितलं आणि ताट पुसायला घेतलं. मी म्हटलं, आई, तुला दिसलं ना? ती म्हणाली, "जेवणं होऊ देत. मग बघू."

बाबांनी जावयाचे पाय ताम्हनात धुतले. ते दृश्य मला अजून आठवतं, कारण बाबा कुणासमोर वाकत नसत. पाटाभोवती रांगोळी होती, उदबत्ती होती. भावोजी जेवायला बसले, बाबा समोर बसले, आई वाढत होती. ताई ओट्यापाशी धोंडे फोडून त्यावर तूप घालत होती. इतक्या महिन्यांनी घरी आली होती, आईने आणि मी सकाळपासून तिला तिच्या नावाने शंभर हाका मारल्या असतील. भावोजींनी तूप मागितलं. तिच्या नव्या नावाने हाक मारली. ती वळली नाही. पुन्हा मारली. ती मला काहीतरी सांगत होती आणि हसत होती. खूप दिवसांनी हसत होती.

भावोजी शांतपणे उठले. हात धुतला. ओट्यापाशी आले, बत्ता उचलला आणि तिच्या मनगटावर घातला. हाड तुटण्याचा आवाज मला चांगला माहीत होता, लहानपणापासून ऐकला होता. तूप आणि वाटी खाली पडली. ताई ओट्याला धरून घसरत खाली बसली आणि तिचा हात भलतीकडेच वळलेला होता. भावोजींनी दुसऱ्यांदा बत्ता उचलला, पाठीत घातला, आणि म्हणाले, "तीनदा हाक मारायची का मी?"

बाबा उभे राहिले. भावोजी त्यांच्याकडे वळले. आवाज अजून तसाच, ऑफिसात बोलावं तसा. "तुम्ही मध्ये पडू नका बाबा. तुमच्या घरात श्रावणात काय चालतं ते हिनेच मला सांगितलंय. तिला सवय आहे."

पुढचं फार भरभर झालं. बाबा स्वतः बसले होते तो पाट त्यांनी उचलला आणि भावोजींच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड फुटलं. भावोजी रांगोळीत पडले, बाबा त्यांच्या छातीवर बसले आणि पाटाची कड धरून घालत राहिले, खांद्यावर, कानावर, तोंडावर धरलेल्या हातांवर. बोटं मोडली. दात ताटात पडला, पुरणात. बाबा मोजूनमापून मारत होते, सांधा कुठे आहे ते बघून. भावोजी आधी शिव्या देत होते, मग आईला हाका मारायला लागले, स्वतःच्या आईला. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? मी ओरडत होते, अजून, अजून.

ताईने जमिनीवरूनच बाबांना हाक मारली. ती रडत नव्हती. "बाबा, पुरे. हे तुम्ही माझ्यासाठी करत नाही आहात. तुमचा हात शिवशिवत होता, त्याला आज मिळालं."

बाबा थांबले. त्यांच्या तोंडावर रक्त उडालं होतं आणि ते तिच्याकडे असे बघत होते, जसं काही तिने अवघड विचारलंय. मग बेल वाजली आणि वाजत राहिली. ताई भिंतीला धरून उठली, तुटलेला हात दुसऱ्या हातात धरला, दार उघडलं. दारात काकू होत्या. साखर मागितली नाही त्यांनी. त्यांनी ताईच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी जिना उतरल्या. ताई परत वर आली नाही.

पोलीस आले, दवाखाने झाले, मग दोन्हीकडचे नातेवाईक जमले. त्यांनी तोडगा काढला होता. ताईने नवऱ्यावरची तक्रार मागे घ्यायची, त्याने सासऱ्यावरची मागे घ्यायची, घरातलं घरात मिटवायचं. मामा तिला समजवायला काकूंकडे गेले. ताई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी जबाब दिलाय. त्यात दोघांचंही सांगितलंय. त्यांचं आणि बाबांचं. बाबांचं पहिल्यापासूनचं सांगितलंय." मामा म्हणाले, अगं, बापाचं? ती म्हणाली, "मग त्यांच्याकडूनच तर सवय लागली मला. विचारा जावयाला."

बाबा जामिनावर घरी आले तोवर खरा श्रावण लागला होता. शब्दाप्रमाणे दुकान बंद. आईने अमावास्येला सगळं लपवलं होतं, बत्ता सोडून, कारण बत्ता पोलीस घेऊन गेले होते. मी पहिल्या दिवशी दाराच्या कडीला हात लावूनच बसले. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. नागपंचमी गेली, पौर्णिमा गेली, मंगळवार गेले. महिनाभर बाबा खिडकीत बसून होते, रिकाम्या हाताने, आणि त्यांनी बोटसुद्धा उचललं नाही. पोळ्या वाकड्या होत्या, कोमट होत्या, ते गुपचूप खात होते. जबाबाची भीती होती, दुसरं काही नाही.

म्हणजे थांबता येत होतं. सगळी वर्षं थांबता येत होतं. डोकं फुटलं तेव्हा मला इतका राग आला नव्हता तेवढा त्या शांत महिन्यात आला. मी आकाशात शोधत होते, चांदण्यांना जबाबदार धरत होते, आणि बिचारा श्रावण कुठेच नव्हता त्यात. बाबांनी जो वार निवडला तो त्यांचा झाला, जो महिना निवडला तो त्यांचा झाला. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत आले.

ताई काही दिवस काकूंकडे राहिली, मग घाटकोपरला नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात. पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला लागली. नवऱ्याला आणि बाबांना, दोघांनाही कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. घटस्फोट मिळाल्यावर ताईने पहिलं काम काय केलं असेल, तर सगळ्या कागदांवर आपलं जुनं नाव परत घातलं. ती काकूंकडे यायची, आई डबा घेऊन खाली उतरायची. आमच्या मजल्यावर ताई आली नाही. आईने शेवटी एकदा विचारलंच, आता ते मारत नाहीत, किती वर्षं झाली, का येत नाहीस? ताई म्हणाली, "तू अजून लाटणं लपवतेस ना?" आई म्हणाली, सवय गं. ताई म्हणाली, "दर वर्षी तूच सांगतेस त्यांना, चला, महिना सुरू झाला. मी येईन, पण काही लपवलेलं नसेल त्या श्रावणात."

अधिक श्रावण एकोणीस वर्षांनी पुन्हा फिरून येतो. मी अंधेरीत एका छापखान्यात कॅलेंडरची मुद्रितं तपासते, त्यामुळे मला ते आधीच दिसलं. मुद्रितात दोन पानांवर श्रावण छापलेला होता. मी घरी येऊन आईला सांगितलं. तिने बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, "धोंडे करते. ताईला बोलाव. जावयाला देतात ते मुलीला दिलं तर काय बिघडलं? दिवाही तिलाच देते."

त्या अमावास्येला आईने दिवे घासले आणि गाद्यांच्या घडीत वर्षानुवर्षं तसाच राहिलेला पट्टा काढून खुंटीला टांगला, जिथे तो पूर्वी असायचा. लाटणं ओट्यावर. नवा बत्ता खलात. छत्री दाराशी. एकदाचं केलं तिने.

बाबांचे गुडघे गेलेत. दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं. घरातल्या घरात काठीशिवाय चालवत नाही. ताई येणार होती त्या रविवारी ते सकाळपासून खुर्चीत तयार होऊन बसले होते. त्यांनी ओट्याकडे बघितलं, खुंटीकडे बघितलं. बेल वाजली, एकदाच, तशी ते दचकले. बेलला ते अजून दचकतात. मी दार उघडायला गेले तेव्हा मला मागून ऐकू आलं, ते आईला म्हणत होते, "ही काठी तेवढी आत ठेव. तिला दिसायला नको."

माझं मन वगैरे विरघळलं नाही. मी मनात म्हटलं, पडा मग. पण ताईने ते दारातून ऐकलं होतं. ती चपला काढून सरळ आत गेली. आईच्या हातातून काठी घेतली, बाबांसमोर उभी राहिली आणि त्यांच्या हातात दिली.

"धरा," ती म्हणाली. "धरून बसा. मी जेवतेय तोवर."

बाबांनी डाव्या हातात काठी धरली आणि उजव्या हाताने धोंडा फोडला. काठीचं टोक फरशीवर टकटक वाजत होतं. ताई त्यांच्या समोर बसली, तिचं मनगट अजून थोडं वाकडं आहे, त्याच हाताने तिने पहिला घास घेतला. आईने ओट्याजवळून तिला नावाने हाक मारली, तूप हवंय का म्हणून. ताई पहिल्याच हाकेला वळली आणि म्हणाली, वाढ.